ऊसतोडीच्या काळात नोटीस परत का येते?

महोदय,

दसरा-दिवाळीनंतर बीड, धारूर, गेवराई भागातल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांवर जातात. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून उसाच्या फडावरून माहेरी आलेल्या बाईचा कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 खालचा अर्ज नेमका इथेच अडकतो. अर्जात नवऱ्याचा फक्त गावचा पत्ता असतो. घराला कुलूप, नोटीस परत, मग तारखेवर तारीख. म्हणून अर्ज लिहितानाच कारखाना, गट (कारखान्याचा ऊसतोडीचा विभाग), मुकादमाचं म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराचं नाव आणि मोबाईल नंबर टाकावा. मुकादम उचलीपायी, म्हणजे मजुराला आगाऊ दिलेल्या पैशापायी, माहिती देत नाही, तेव्हा सोबतच्या कोयत्यांकडून (ऊसतोड करणाऱ्या जोडप्यांकडून) काढावी.

अर्ज सासरच्याच तालुक्यात करावा लागतो, हा समज चुकीचा आहे. याच कायद्याच्या कलम 27 नुसार ती बाई तात्पुरती राहते तिथल्या न्यायालयातही चालतो. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडून घरगुती घटना अहवाल (हिंसेची नोंद करणारा नमुना) भरून घ्यावा. त्यात ‘नेहमी मारतो’ असं मोघम लिहू नये. तारीख, जागा, कशाने मारलं, कुणी पाहिलं, हे हवं. कलम 23 चा अंतरिम (निकालाआधी तात्पुरता आदेश मागणारा) अर्ज शपथपत्रासह त्याच दिवशी जोडावा, नाहीतर खर्चाचे पैसे लांबतात. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही.

निवाऱ्याचं दुखणं वेगळंच. सखी केंद्रातला (पीडित बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्रातला) मुक्काम थोड्या दिवसांचा, पुढे शक्ती सदन हे सरकारी योजनेतलं निवारागृह. सोबत मोठा मुलगा असेल तर तो ठेवून घेतील का, हे निघण्याआधी फोनवर विचारावं. तातडीला 181 (महिला हेल्पलाइन) किंवा 112 (आपत्कालीन मदत).

– एक कार्यकर्ती, अंबाजोगाई