डिस्चार्जनंतर आईने कुठे राहायचं

आई, बाबा,

काल फोनवर बोलणं अर्धवट राहिलं म्हणून लिहूनच पाठवते, बाबा शांतपणे वाचा आणि आईलाही वाचून दाखवा.

बाबा, तुमचं म्हणणं की डिस्चार्ज मिळाला की सरळ दांडिया बाजारच्या घरी. पण आपला जिना आठवा ना, किती उभा आणि अंधारा आहे. आईच्या पोटाची कातडी-चरबी घेऊन छाती (स्तन) नव्याने तयार करणार आहेत, म्हणजे टाके दोन्हीकडे, पोटावर ताण नको म्हणून सुरुवातीला तिला कमरेत वाकूनच चालायचंय, झोपतानाही डोकं वर आणि गुडघ्यांखाली उशी. ती तो जिना चढणार कशी, आणि परत दाखवायला जायचं तर उतरणार कशी?

पुण्याला आणावं असं मला फार वाटतं, खरंच, पण इतका वेळ बसून प्रवास म्हणजे पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती, शिवाय काही बिनसलं तर सर्जन बडोद्यात आणि आई इकडे. ते नको.

म्हणून पहिले आठ-दहा दिवस अलकापुरीतल्या त्या रिकव्हरी होममध्येच. लिफ्ट आहे, हॉस्पिटल जवळ आहे, पैसे मी भरते, त्यावर वाद नको. पण एसी, टीव्ही, जेवण बघून हो म्हणू नका, रात्री कोण असतं ते विचारा, शिकलेली नर्स की नुसती आया? ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी-बाटली, रिकामं करून किती एमएल आलं ते रोज लिहावं लागतं, साधारण 24 तासांत 30 एमएलच्या खाली आलं की डॉक्टर काढायचं बघतात. आणि रात्री 2 वाजता छाती निळसर दिसली किंवा पांढरी पडून गार लागली, ताप आला, एकच पोटरी सुजली, दम लागला, तर तेव्हाच्या तेव्हा सर्जनना फोन करणारं माणूस पाहिजे. तुम्ही स्वतः बीपीच्या गोळ्या घेता बाबा, हे सगळं तुमच्यावर टाकायचं नाहीये मला.

घरी आल्यावरसुद्धा शेकायची पिशवी अजिबात नाही हं. आईला जरा दुखलं की शेक लागतो, पण ऑपरेशन झालेल्या जागची कातडी बधिर असते, भाजलं तरी कळत नाही. आणि बाबा, सिगरेट गॅलरीतही नको, निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही.

आई, 'या वयात कशाला प्लास्टिक सर्जरी' म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस. तुला हवंय ना, मग झालं.

बाबा, उद्या रात्रीच्या ड्युटीच्या वेळी तिथे जाऊन या आणि नर्सला फोन द्या, बाकीचं मीच विचारते.

तुमची
मनू