ऱ्हाईन-मोझेलची क्रूझ विकून बसमधून फिरवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: न झालेल्या नदी सफरीच्या पैशांचा परतावा मिळण्याबाबत

महोदय,

आजच्या फोननंतर मी तुमच्या कॉल सेंटरला पुन्हा फोन करणार नाही. जे सांगायचं ते लेखी सांगतो आणि उत्तरही लेखीच हवं.

बुकिंगचे कागद तुमच्याकडे आहेत आणि मार्गही तुम्हीच आखलेला आहे. जर्मनीत ऱ्हाईन नदीवरच्या कोलोनहून कोब्लेंझ, तिथून मोझेल नदीत शिरून कोखेम आणि बेर्नकास्टेल, परत फिरून ऱ्हाईनच्या घळीतून रुडेसहाइम, असा छापील कार्यक्रम होता. प्रत्यक्षात जहाज कोलोनच्या धक्क्यावरून हललंच नाही. सकाळी नाश्ता उरकून बसमध्ये बसायचं, दिवसभर हिंडायचं आणि रात्री झोपायला जहाजावर यायचं. पैसे नदीच्या सफरीचे घेतलेत आणि दिलीत बसची सहल.

नदीला पाणी कमी होतं, हे मला आता कुणी ऐकवू नये. मी चांदवड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार आहे. टँकरच्या पाण्यावर बाग जगवायची वेळ आमच्यावर आलेली आहे. नदी आटली म्हणून मी कुणाशी भांडणार नाही. माझी तक्रार ही आहे की पाणी उतरलंय हे तुम्हाला आम्ही विमानात बसण्याच्या कितीतरी आधी माहीत होतं, आणि ते कळवायचं सोडून तुम्ही आमच्याकडून शेवटचा हप्ता भरून घेतलात.

ऱ्हाईनवर काउब गावापाशी पाण्याची पातळी मोजतात. तो आकडा जर्मनीच्या जलमार्ग खात्याच्या संकेतस्थळावर रोज दिसतो, पुढच्या काही दिवसांचा अंदाजही दिसतो. घरी आल्यावर मी मागचे आकडे काढून पाहिले. हप्त्याची मुदत होती त्या आठवड्यात पातळी रोज खाली चालली होती. त्याच आठवड्यात तुमच्या ऑफिसातून मला आठवणीचे फोन येत होते, मुदत चुकली तर केबिन जाईल म्हणून. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये काउबला पातळी 25 सेंटीमीटरपर्यंत उतरली होती, 2022 च्या ऑगस्टमध्येही नदीचे असेच हाल झाले होते. या नदीवर जहाजं चालवणाऱ्यांना हे नवीन नाही. तुमच्या एका प्रतिनिधीने तर मला सांगितलं की काउबला गुडघाभरच पाणी होतं. तो आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे. जहाजं जातात त्या पात्रात पाणी त्याहून मीटरभर तरी जास्त असतं. हे मी, एका शेतकऱ्याने, तुमच्या माणसाला शिकवायचं का?

आणि मोझेलला काउबचं कारण कसं लागू होतं? काउब कोब्लेंझच्या वरच्या अंगाला आहे. कोलोनहून मोझेलमध्ये शिरताना काउब वाटेत लागतच नाही. शिवाय मोझेलवर 1964 पासून बंधारे आणि लॉक, म्हणजे जहाज वर-खाली नेणारे दरवाज्यांचे हौद, आहेत. कोब्लेंझ ते त्रियर असे दहा लॉक आहेत, त्यामुळे तिथलं पाणी धरून ठेवलेलं असतं. कोखेमला आमची बस पुलाजवळ थांबली तेव्हा धक्क्याला दुसऱ्या कंपन्यांची जहाजं लागलेली होती आणि डेकवर माणसं खुर्च्या टाकून बसली होती. मी त्यांचे फोटो काढले आहेत, ते सोबत जोडतो. त्यांची जहाजं मोझेलवर चालतात आणि तुमचं का चालत नाही, याचं उत्तर तुमच्या टूर मॅनेजरकडे नव्हतं आणि कॉल सेंटरकडेही नाही.

मी ही सफर मोझेलसाठीच घेतली होती. ब्रेम गावाजवळ कालमोंट नावाचा उतार आहे, युरोपातल्या सगळ्यात उभ्या द्राक्षबागांपैकी एक. पाटीच्या दगडाचा उतार, उन्हात तापलेला. आपल्यासारखा मांडव नाही, तारा नाहीत. एकेका वेलीला एकेक खांब आणि काड्या वाकवून खांबाला बांधलेल्या. माणसं एका रुळावरच्या छोट्या गाडीत बसून वर कामाला जातात. हा उतार पायथ्यापासून माथ्यापर्यंत एका नजरेत पाहायचा तर नदीच्या मधोमध असावं लागतं. तुमच्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर फोटो आहे तो याच वळणाचा, नदीतून काढलेला. गोडी छाटणीच्या आधी सवड काढून, बाग भावाच्या भरवशावर सोडून आम्ही निघालो ते हे बघायला. बस हायवेने वरच्या पठारावरून गेली. ब्रेमला थांबलीच नाही. बेर्नकास्टेलला पार्किंगशेजारच्या दुकानात घाईघाईने वाइन चाखवली आणि परत बसमध्ये बसवलं.

माझ्या पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं आहे. हे बुकिंगच्या वेळी फॉर्मवर लिहून दिलं होतं. एकदा बॅग उघडली की सारखं चढणं-उतरणं नाही, नदी खोलीपर्यंत येते, हे तुमच्याच माणसाचे शब्द. त्या भरवशावर जास्त पैसे देऊन बाल्कनीची केबिन घेतली. कोलोनला आमच्या जहाजाला खेटून दुसरं जहाज बांधलेलं होतं. बाल्कनीचं दार सरकवलं की हातभर अंतरावर समोरच्या केबिनचा पडदा दिसायचा. आम्हीही आमचा पडदा लावून घेतला. त्या केबिनमधून नदी एकदाही दिसली नाही.

आता आजचा फोन. आधी बुकिंग नंबर, मग जन्मतारीख, मग परत बुकिंग नंबर. मग तुमचे वरिष्ठ म्हणवणारे अधिकारी म्हणाले, "काका, सिस्टीममध्ये टूर पूर्ण झालेली दाखवतंय." मी म्हटलं, जहाज हललंच नाही तर पूर्ण कशी झाली? म्हणाले, "गावं तर सगळी कव्हर झाली ना?" मी म्हटलं, ब्रेम झालं नाही, ऱ्हाईनच्या घळीतला लोरेलायचा कडा झाला नाही, आणि जी झाली ती बसने. पलीकडून थोडा वेळ टाइप केल्याचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, "पण काका, बसमधून नदी दिसली ना?"

मी पुन्हा विचारलं, काय म्हणालात? त्यांनी तेच वाक्य सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, जणू मला ऐकू येत नाही. वर म्हणाले, "या वयात बसच सेफ, काकूंनाही बरं पडलं असेल." फोन स्पीकरवर होता. पत्नी म्हणाली, "अहो, मला बसच्या पायऱ्या चढवत नाहीत म्हणूनच आम्ही बोट घेतली होती." त्यावर उत्तर आलं, "ओके मॅडम, तुमचा फीडबॅक नोंदवून घेतो." आणि पुढच्या क्रूझवर दहा टक्के सूट, एका वर्षाच्या आत वापरायची. ज्यांनी एक सफर दिली नाही त्यांच्याकडून दुसरी विकत घ्यायची, असं सांगायला त्यांना काहीच वाटलं नाही. तुमच्याइतक्या जुन्या कंपनीत म्हाताऱ्या माणसांशी असं बोललं जातं, याचं मला फार वाईट वाटलं.

पाणीपातळीमुळे कार्यक्रम बदलू शकतो, हे कलम मी वाचलं आहे. एखादा थांबा बदलणं वेगळं आणि सबंध सफर धक्क्यावर उभी करणं वेगळं. आणि परत सांगतो, तुम्हाला माहीत होतं. माहीत असताना हप्ता घेतलात. तेव्हा एक फोन केला असता तर आम्ही तारीख बदलली असती किंवा पैसे परत मागितले असते. तो निर्णय आमचा होता, तो तुम्ही आमच्याकडून काढून घेतलात.

तुमच्याकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत. जहाज चालणार नाही हे तुमच्या कार्यालयाला कोणत्या तारखेला कळलं, ते लेखी कळवा. आणि क्रूझची पूर्ण रक्कम परत करा. जहाजावरच्या मुक्कामाचा आणि बसचा रास्त खर्च वजा करायचा असेल तर हिशेब पाठवा, मी तो बघेन. सवलतीचं कुपन पाठवू नका.

आमच्या भागातले बरेच बागायतदार पुढच्या वर्षी याच सफरीला यायचं म्हणत होते. हे पत्र मी त्यांना दाखवणार आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, त्यासाठी मला मुंबईला खेटे घालावे लागणार नाहीत. काउबचे रोजचे आकडे, हप्त्याची पावती आणि कोखेमच्या धक्क्यावरचे फोटो या पत्रासोबत जोडले आहेत. तेच कागद तिकडेही देईन.

तुमचा ग्राहक,
द्राक्ष बागायतदार, ता. चांदवड, जि. नाशिक