मन लागत नाही तेव्हाची प्रार्थना

चि. बाळास,

प्रभूमध्ये सलाम आणि अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू जे बोललास ते डोक्यातून जात नाही. "आई, युवक शिबिराहून आलो तेव्हा कसं भरून यायचं. आता प्रार्थनेला बसलो की भिंतीशी बोलतोय असं वाटतं. माझा विश्वासच उडाला की काय?" एवढं म्हणालास, तोवर पप्पांनी फोन मागितला आणि गाडी गॅसच्या कनेक्शनवर गेली. या गोष्टी फोनवर धड बोलताही येत नाहीत. आज माझी रात्रपाळी नाही, म्हणून सवडीने लिहिते आहे.

आधी तुझा जीव भांड्यात पडेल असं सांगते. ज्याचा विश्वास उडतो त्याला त्याची टोचणी लागत नाही. तो प्रार्थना सोडतो आणि सोडली हेही विसरतो. तुझं गेलंय ते भरून येणं. ते येतं आणि जातं. मोठमोठ्या भक्तांचंही गेलं आहे. तेरावं स्तोत्र काढून बघ. दावीद देवाला तोंडावर विचारतो की अजून किती दिवस मला विसरणार आहेस. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. तरी ती स्तोत्रं पवित्र शास्त्रात आहेत. म्हणजे भिंतीशी बोलल्यासारखं वाटत असतानाही जे बोललं जातं, त्याला देवाच्या घरी प्रार्थनाच म्हणतात.

तुम्हा मुलांच्या शिबिरांना माझा विरोध नाही. तिथे तुला प्रभूची ओढ लागली, याचा मला आनंदच आहे. पण तिथे गाणी, गिटार, मित्र, रात्रीची ती शेकोटी, सगळं जमून आलेलं असतं. हिंजवडीच्या खोलीत सकाळी साडेसहाला कॅबची वाट बघताना त्यातलं काहीच नसतं. तिथे तू आणि प्रभू, एवढेच उरता. खरी वाढ तिथूनच सुरू होते, असं माझं ठाम मत आहे.

पंडिता रमाबाईंचं केडगाव आपण दौंडकडे जाताना कितीदा मागे टाकलं आहे. त्यांच्याविषयी तुला शाळेत समाजसुधारक म्हणून शिकवलं असेल. त्यांनी स्वतः जी साक्ष लिहून ठेवली आहे, ती तुझ्या आजच्या प्रश्नाच्या फार जवळची आहे. आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळात गेली. पुढे नवरा गेला, पदरात लहानगी मनोरमा. अशी ही बाई इंग्लंडला गेली आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे तिने बाप्तिस्मा घेतला. आपल्याला वाटतं, झालं, पोचली. पण त्या लिहितात की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना हे उमगलं. आणि ही वर्षं काही त्यांनी रिकामी घालवली नव्हती. अमेरिकेत व्याख्यानं दिली, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, विधवा मुलींना शिकवलं. संस्कृतचा तर लहानपणापासून दांडगा व्यासंग. एवढं ज्ञान आणि एवढी सेवा असूनही आतली तहान भागली नव्हती, आणि ती भागली नाही हे त्यांनी लपवलं नाही. मग त्यांनी आपल्या विद्वत्तेला आणि सत्कर्मांना बाजूला सारलं आणि पापी म्हणून, रिकाम्या हाताने, ख्रिस्ताकडे गेल्या.

तू ख्रिस्ती घरात जन्मलास. तान्हा असताना बाप्तिस्मा, मग संडे स्कूल, नाताळातलं नाटक, पुढे दृढीकरण, म्हणजे मोठेपणी तो विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करणं. हे सगळं आम्ही तुला दिलं. पण खुद्द ख्रिस्त तुला आम्ही देऊ शकत नाही रे, तिथे तुलाच जावं लागतं. आज जे कोरडं कोरडं वाटतंय, ते कदाचित आईबापांकडून मिळालेलं संपत आल्याचं लक्षण असेल. घाबरू नकोस. इथूनच पुढे जायचं आहे.

जायचं कसं? रोजच्या नेमाने. तुझ्या पिढीला नेम म्हटलं की जाच वाटतो. 'मनापासून वाटत नसताना प्रार्थना करणं म्हणजे ढोंग' असंही तू मागे एकदा म्हणाला होतास. ते मला पटत नाही. मन नसताना तू ऑफिसला जातोस, त्याला कोणी ढोंग म्हणत नाही. ढोंग ते, जे लोकांनी बघावं म्हणून केलं जातं. खोलीचं दार लावून, कोणी बघत नसताना, मन लागत नसतानाही जो गुडघे टेकतो, त्याच्या प्रार्थनेत भावना कमी असेल, पण निष्ठा पुरेपूर असते. प्रेषित पौलाने आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, सुभक्तीसाठी कसरत कर असं लिहिलं आहे. कसरत रोजची असते आणि तिचा बहुतेक भाग कंटाळवाणाच असतो.

नेमाची खरी किंमत मला आजोबांच्या आजारपणात कळली. त्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा तू सहावीत होतास, तुला सगळं आठवत नसेल. उजवा हात गेला, वाचा गेली. पाणी हवं असलं तरी शब्द सापडेना. 'ते... ते...' करायचे आणि चिडून डाव्या हाताने खाटेवर थापट्या मारायचे. आयुष्यभर शाळेत मुलांना शिकवलेला माणूस, डोळ्यांतून घळाघळा पाणी. एका संध्याकाळी आजी नेहमीसारखी कुटुंबप्रार्थनेला बसली आणि तेविसावं स्तोत्र म्हणू लागली, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे". आणि आजोबा बोलले! "मला काही उणे पडणार नाही." स्पष्ट. मग अडखळत पुढची ओळ, त्याच्या पुढची. "मृत्युच्छायेच्या दरीतूनही" इथे आजी थांबली, तिचा गळा दाटला. आजोबा एकटेच पुढे गेले, "कारण तू माझ्याबरोबर आहेस" इथपर्यंत. स्तोत्र संपलं आणि पुन्हा पाणी मागायला शब्द नाही.

मी नर्स आहे, याला वैद्यकीय कारण आहे हे मला माहीत आहे. मेंदूचा बोलण्याचा भाग दुखावला तरी वर्षानुवर्षं पाठ असलेलं, गाणं, प्रार्थना, कधी कधी शाबूत राहतं. आमच्या वॉर्डात इतर धर्मांच्या पेशंटांमध्येही मी हे पाहिलं आहे. म्हणून मी याला चमत्कार म्हणत नाही. मला त्यातून एवढंच दिसलं की आजोबांनी हजारो साध्या संध्याकाळी, कधी पेंगत, कधी पगाराच्या चिंतेत, ते शब्द म्हटले होते. त्यातल्या किती संध्याकाळी त्यांना भरून आलं असेल? फार थोड्या. पण सगळं हिरावून घेतलं गेलं तेव्हा तेच त्यांच्याजवळ उरलं होतं.

उपवासाचंही तसंच. भस्म बुधवारापासून, म्हणजे उपवासकाळ सुरू झाला की, तू एखादी गोष्ट सोडतोस, गेल्या वर्षी चहा सोडला होतास. चांगलं आहे, पण त्या चहाचे वाचलेले पैसे कोणाच्या तरी पोटात जाऊ देत. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देव म्हणतो तो उपवास भुकेल्याला आपली भाकर वाटून देण्याचा आहे. आपल्या जिवाला चिमटा बसला आणि शेजाऱ्याला काहीच मिळालं नाही, अशा उपवासाचं मला फारसं कौतुक नाही.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, समर्पण. हा शब्द आपण गीतांतून इतका गातो की त्याची धार गेली आहे. मी पुष्कळांना हात वर करून 'सर्व काही तुझं' म्हणताना पाहिलं आहे आणि आठवड्याभरात भावाभावांत बांधावरून कोर्टात जाताना पाहिलं आहे. समर्पण कळायचं असेल तर गेथशेमाने बागेत जावं लागतं. वधस्तंभाच्या आदल्या रात्री प्रभू तिथे हसतमुखाने 'तुझी इच्छा' म्हणाला नाही. तो पालथा पडला, हा प्याला टळू दे म्हणाला, एकदा नव्हे तर तीनदा तीच प्रार्थना केली. आपली इच्छा त्याने पित्यासमोर उघड मांडली आणि मग म्हटलं, "तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." इच्छाच नाही असं दाखवणारा माणूस देवाला काय अर्पण करणार? तुला बढती हवी आहे, ती मुलगी आवडते आहे (मला कळतं, मी आई आहे), आजीचं दुखणं बरं व्हायला हवं आहे. हे सगळं माग. हट्टाने माग. आणि मागून झाल्यावर मूठ उघडी ठेव.

पौलानेही शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनवलं. काटा निघाला नाही. उत्तर आलं ते, "माझी कृपा तुला पुरे आहे." हल्ली टीव्हीवर आणि मोबाइलवर जे प्रचारक 'विश्वास असेल तर आजार राहूच शकत नाही' म्हणतात, त्यांच्या नादी लागू नकोस, हे मी आई म्हणून आणि नर्स म्हणूनही बजावते. गोळ्या बंद करून प्रार्थनेच्या सभांना गेलेले आणि फार उशिरा आमच्याकडे आलेले पेशंट मी हाताळले आहेत. त्यांना वर 'तुमचाच विश्वास कमी पडला' हेही ऐकवलेलं असतं. हे पाप आहे. पौलाला जे कोणी म्हटलं नाही, ते आजारी माणसाला म्हणण्याचा हक्क यांना कोणी दिला?

आणि समर्पण देवाला करायचं, माणसाला नाही. कोणी पाळक, कोणी पुढारी तुला म्हणाला की विचारू नको, फक्त मान, तर तिथून उठून ये. रमाबाईंनी वाँटेजला मठातल्या ज्या सिस्टरनी त्यांना आधार दिला, त्यांच्याशीसुद्धा पत्रांतून रोखठोक वाद घातला. मला देवाने स्वतःची सदसद्विवेकबुद्धी दिली आहे, असं त्यांना कळवलं. त्याच रमाबाईंनी पुढे देवापुढे सगळं टाकलं. दुष्काळातून शेकडो मुली केडगावला आणल्या, तेव्हा त्यांना उद्या काय खायला घालायचं याची खात्री नव्हती. उतारवयात हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत सबंध शास्त्राचं भाषांतर हाती घेतलं, आणि ते छापायला त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्याच बायका टाइप जुळवत होत्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक, उजवा हात, पुढे सगळं तीच सांभाळणार होती. रमाबाई पुन्हा त्या भाषांतराला बसल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तोवर ते काम त्यांनी सोडलं नाही. देवावर सोपवलं म्हणून त्या हात बांधून बसल्या नाहीत, हे नीट बघ.

आपण वाढतो आहोत की नाही हे ओळखायचं कसं, असं तू विचारशील. प्रार्थनेत आत्म्याच्या प्रेरणेने अन्य भाषा बोलता येतात का, स्वप्नं पडतात का, यावरून मी ठरवत नाही. गलतीकरांसच्या पत्रात आत्म्याचं फळ दिलं आहे, त्यात सहनशीलता आहे, ममता आहे, इंद्रियदमन आहे. मग मी साध्या गोष्टी बघते. खोलीतल्या मित्राने तुझं दूध संपवलं तर पूर्वीइतकाच भडकतोस का? ऑफिसात चूक दुसऱ्यावर ढकलता येत असताना ढकललीस का? पैसे उसने घेतलेल्याला किती वेळा टोमणा मारलास? ही वाढ ज्याची त्याला दिसत नाही, बरोबर राहणाऱ्यांना दिसते. आणि ती सगळ्यांची एका चालीने होत नाही. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी, १९०० साली. मधला काळ दोघांनाही फार जड गेला. पण सोवळ्यात वाढलेली ती बाई नवऱ्याच्या मागून फरपटत आली नाही. जातपात देवाने केली नाही हे तिचं तिला पटलं, मग ती आली, आणि आली ती कायमची. तुझा तो शिबिरातला मित्र रोज पहाटे दोन तास प्रार्थना करतो म्हणालास. करू दे. तू त्याच्याशी बरोबरी करू नकोस.

सध्या एवढंच कर. रोज सकाळी एक स्तोत्र मोठ्याने वाच, ओठातल्या ओठात नको. मार्काच्या नवव्या अध्यायातला आजारी मुलाला येशूकडे आणणारा तो बाप म्हणतो ना, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका", तेवढीच प्रार्थना कर. आणखी काही सुचलं तर बोल, नाही सुचलं तर पाच मिनिटं गप्प बस आणि कॅबला पळ. रविवारी कुठल्या तरी मराठी मंडळीत जा. मोठी, झगमगीत नको, जिथे म्हाताऱ्या बायका तुला 'कोणाचा रे तू?' विचारतील अशी शोध. प्रभुभोजन चुकवू नकोस. महिनाभराने पुन्हा सांग कसं वाटतंय, आणि काहीच वाटत नसेल तर तेही तसंच सांग.

पप्पांनी तुझ्यासाठी आजोबांचं उपासना संगीत, ते गीतांचं पुस्तक, बाइंडिंग करून आणलं आहे, शेजारचे काका पुण्याला येताहेत त्यांच्याबरोबर पाठवते. त्यात टिळकांच्या गीतांवर आजोबांनी पेन्सिलने खुणा केल्या आहेत, त्या खोडू नकोस. जेवण वेळेवर कर. आजी तुला आशीर्वाद सांगते.

तुझी,
आई