चि. सोनूस, कराडहून

चि. सोनू यास,
अनेक आशीर्वाद.

भाऊबिजेला आपल्यात जे बोलणे झाले, त्यानंतर काही दिवस तुला काहीच लिहायचे नाही असे मी ठरवले होते. परंतु परवा दाजींच्या मोबाइलवर कर्ज देणाऱ्या कुठल्याशा ॲपच्या वसुलीवाल्याचा फोन आला आणि तुझे पूर्ण नाव घेऊन तो जे बोलला, ते दाजींनी मला सांगितले नाही, ताईने सांगितले. कर्ज किती आहे, हे मी या पत्रात विचारणार नाही.

त्या दिवशी ताई ओवाळत असताना तू मांडीआड फोन धरला होतास आणि ताट खाली येण्याआधी तुझी नजर दोनदा तिकडे गेली. तीन वाजून गेले होते आणि तो शेअर बाजारातल्या ऑप्शन्सच्या सौद्यांची मुदत संपण्याचा, म्हणजे एक्स्पायरीचा दिवस होता, हे मला नंतर कळले. मी बोललो तेव्हा तू म्हणालास, "बाबा, ऑनलाइन रमी कधीच सुटली, आता तर ती कायद्यानेच बंद आहे. ऑप्शन्स म्हणजे जुगार नाही, तो अभ्यास आहे." हे वाक्य या घरात नवीन नाही. तुझे नानाकाका कल्याण मटक्याचे आकडे वर्षानुवर्षे लाल बांधणीच्या वहीत उतरवत, ओपन डावीकडे आणि क्लोज उजवीकडे, आणि त्या रकान्यांवरून आज काय लागणार ते काढत बसत. मटका मुळात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर चाले. ते भाव येणे बंद झाले तेव्हा मडक्यातल्या चिठ्ठ्या आल्या, पुढे पत्ते आले, लावणारे मात्र लावतच राहिले. नाना मूर्ख नव्हते. गणितात त्यांच्याइतका चपळ माणूस मी पाहिलेला नाही, आणि तुझे डोके त्यांच्यावर गेले आहे असे तुझी आई येईल त्या पाहुण्याला कौतुकाने सांगत असे. आठवीत असताना पावसाळाभर प्रीतिसंगमावर जाऊन पाण्याची पातळी वहीत टिपणारा मुलगा तू. ती वही अजून माझ्या कपाटात आहे.

तेव्हा लोभ, बेजबाबदारपणा असले शब्द मी तुझ्याबाबतीत वापरणार नाही. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग मी शाळेत सांगत असे. प्रत्येक वेळी चोच मारल्यावर दाणा मिळत असेल, तर दाणा बंद झाल्यावर कबूतर लवकरच थांबते; परंतु कितव्या वेळी मिळेल याचा नेम नसेल, तर दाणा बंद झाल्यानंतरही ते पुष्कळ वेळ टोचत राहते. पुढे वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञांना माकडांच्या मेंदूत असे दिसले की रस मिळणार ही खूण एकदा ओळखीची झाली, की डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी प्रत्यक्ष रसापेक्षा त्या खुणेलाच दाद देऊ लागतात. म्हणजे माणूस अडकतो तो जिंकण्यात नव्हे, आता काहीतरी होणार या क्षणात. आणि हरल्यावर जे जिवाला खाते, त्यावर सर्वांत जवळचा उतारा म्हणून हात पुन्हा तिथेच जातो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2024 मध्ये मागील तीन आर्थिक वर्षांचा हिशेब मांडला. फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात होत्या, सरासरी तोटा सुमारे 2 लाखांचा होता, आणि तोटा झालेल्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक लोक तरीही व्यवहार करतच राहिले. अभ्यास या सर्वांनीच केला असेल ना? तुझा तोटा यात कुठे बसतो, सरासरीच्या अलीकडे की पलीकडे?

मी पुन्हा तास घ्यायला लागलो आणि जे विचारणार नव्हतो तेही विचारून बसलो. राग मानू नकोस.

तू पहिल्यांदा रमी कुठे खेळलास, हे ताईने मला आता सांगितले. आईच्या केमोच्या रात्री, वॉर्डाबाहेरच्या बाकावर. हे वाचून तुला संकोच वाटेल, परंतु हे कळल्यावर माझा निम्मा राग गेला. व्हिएतनाममध्ये जवळजवळ पाचातला एक अमेरिकन सैनिक हेरॉइनसारख्या अमली पदार्थांच्या आहारी गेला होता. ली रॉबिन्स या संशोधिकेने 1971 मध्ये परतलेल्या सैनिकांचा मागोवा घेतला, तेव्हा अशांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा आहारी गेलेले फार थोडे निघाले. ज्या जाचातून सुटका हवी होती तो जाच मागे राहिला, म्हणून. अर्थात केवळ जागा बदलून भागते असे मी म्हणत नाही. नानांना आपण सोलापूरला पाठवले, तर तिथेही आठवड्याच्या आत टपरी सापडली. पण तुझे उलटे झाले आहे. बाक गेला, आई गेली, आणि वाकडच्या त्या खोलीत रात्री तू आणि फोन एवढेच उरलात. रात्री झोपतोस का? जेवायला कोणाबरोबर बसतोस?

कर्ज मी फेडून टाकीन, असे मी म्हणणार नाही. नानांचे देणे आजोबांनी दोनदा फेडले आणि दोन्ही वेळा नानांना तो नव्या डावाचा परवानाच वाटला. पगाराचे खाते काही महिने ताईच्या देखरेखीखाली राहू दे आणि डीमॅट बंद करायचा अर्ज भर. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर बोलून पाहा, तिथे मराठीतही बोलता येते. आणि प्रत्यक्ष कोणाला भेटावेसे वाटले तर पुण्यात 1986 पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, मी बरोबर येईन. आईच्या पाटल्या लॉकरमध्येच आहेत ना, एवढे मात्र कळव. नसल्या तरी कळव.

रविवारी सकाळच्या एसटीने मी येत आहे. स्वारगेटला घ्यायला येऊ नकोस, वाकडची बस मला ठाऊक आहे. सगळे कागद काढून ठेव. आकडा आधी फोनवर सांगणे सोपे वाटत असेल, तर रात्री केव्हाही सांग.

तुझा,
बाबा

ता. क. वसुलीवाल्याचा नंबर दाजींनी जपून ठेवला आहे. पुन्हा धमकी दिली तर ते पोलिसांत तक्रार देणार आहेत. त्याचे तोंड बंद करण्यासाठी दुसऱ्या ॲपवरून उचल मात्र करू नकोस.