छिन्नी हाती देणाऱ्यांचे आभार

चाळीसगाव तालुक्यातील आमच्या गावी यंदाच्या उन्हाळ्यात मुलांसाठी पाषाणकामाचा वर्ग भरला. त्याला हातभार लावून आपले नाव कुठेही येऊ नये असे बजावणाऱ्या सर्वांचे मनःपूर्वक आभार.

सर्वांत मोठे ऋण वृद्ध पाथरवट बाबांचे. पहिले तीन दिवस त्यांनी मुलांच्या हाती छिन्नी दिलीच नाही. हातोडीने हलके ठोके देऊन, खणखणीत वाजणारा दगड सलग आणि बद्द वाजणारा आतून चिरलेला, हे कानांनी ओळखायला त्यांनी अहिराणीतून शिकवले. आपला काळा बेसॉल्ट इतका कठीण, की छिन्नीचे टोक लवकर बोथट होते. ते भट्टीत तापवून, ठोकून, पुन्हा पाणी देऊन कडक करण्यासाठी रोज पहाटे भट्टी पेटवणाऱ्या लोहारदादांवाचून वर्ग चाललाच नसता. दगडाची धूळ फुप्फुसांत साचते हे जाणून मास्क पाठवणाऱ्या ताईंचे, आणि टाकी लावण्याच्या, म्हणजे छिन्नीने खाचा पाडण्याच्या, सरावासाठी आपली जुनी जाती विश्वासाने सोपवणाऱ्या आजींचेही आभार.

पाटणचे महेश्वर मंदिर मुलांना दाखवायला नेणाऱ्या गुरुजींनी पाटणलाच सापडलेल्या एका शिलालेखाची हकिकतही सांगितली. गणितज्ञ भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याची सुमारे ८०० वर्षांपूर्वीची ती नोंद दगडामुळेच आपल्यापर्यंत पोहोचली, हे ऐकताना मुले अगदी शांत झाली होती.

मुलांनी गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावून घडवलेला पहिला चिरा आता बाबांच्या दारात पायरी म्हणून बसवला आहे.