प्राचीन इजिप्तवरील मुलांच्या रहस्यकथा आणि पुराव्याची शिस्त

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या सुट्टीतील वाचनाविषयी जो मजकूर आला होता, त्यात प्राचीन इजिप्तच्या पार्श्वभूमीवर लिहिल्या जाणाऱ्या रहस्यकथांचा ओझरता उल्लेख होता. मुलांना या कथा आवडतात, एवढेच तेथे म्हटले होते. त्या मराठीत कशा लिहिल्या जाव्यात आणि लिहिताना कोणत्या बाबतीत तडजोड होऊ नये, याविषयी इतिहासाची निवृत्त शिक्षिका या नात्याने मला काही मांडायचे आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

या प्रकारातली जी पुस्तके मुलांच्या हाती मी पाहते, त्यांपैकी बहुतेकांत रहस्याचा सारा भार थडगे उघडणाऱ्याला भोवणाऱ्या शापावर आणि रात्री उठून चालणाऱ्या ममीवर टाकलेला असतो. तूतनखामेन या इजिप्तच्या राजाच्या थडग्याकडे नेणारी पहिली पायरी ४ नोव्हेंबर १९२२ रोजी सापडली आणि उत्खननाचा खर्च उचलणारे लॉर्ड कार्नार्व्हन ५ एप्रिल १९२३ रोजी कैरोत वारले, या दोन तारखांच्या मधल्या अंतरात शापाची ही कथा जन्माला आली. प्रत्यक्षात डास चावलेल्या जागी जखम चिघळून त्यांच्या रक्तात विष भिनले होते. ज्या हॉवर्ड कार्टर यांनी ते थडगे शोधले आणि पुढची सुमारे दहा वर्षे त्यातील वस्तू काढण्यात व नोंदवण्यात घालवली, ते १९३९पर्यंत जगले. शापाची गोष्ट मुलांना सांगू नये, असे मी म्हणणार नाही. पण शाप हेच उत्तर असेल, तर वाचणाऱ्या मुलाला शोधण्यासारखे काही उरत नाही. रहस्यकथेत वाचकाला लेखकाबरोबर विचार करण्याचा हक्क असतो आणि शाप तो हक्क काढून घेतो.

याची खंत अधिक वाटते ती अशासाठी, की खऱ्या तपासाची कागदपत्रे इतक्या जुन्या काळातून क्वचितच कोठे उरली असतील, तशी ती इजिप्तमध्ये उरली आहेत. नाईल नदीच्या पश्चिम काठावर, आजच्या लक्सर शहरासमोर, देर अल-मदीना नावाचे एक लहानसे गाव उत्खननात मिळाले. राजांच्या खोऱ्यातील थडगी खोदणारे पाथरवट, चित्रकार आणि लेखनिक तेथे बायकामुलांसह राहत. त्यांनी रोजच्या व्यवहाराच्या नोंदी खापरांवर आणि चुनखडीच्या कपच्यांवर लिहिल्या आणि अशा हजारो नोंदी आज उपलब्ध आहेत. त्यांतील एक हजेरीपट ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. रामसेस दुसरा याच्या कारकिर्दीच्या ४०व्या वर्षातील त्या पटावर ४० कामगारांची नावे असून, गैरहजेरीच्या तारखांवर तांबड्या शाईने कारणे लिहिली आहेत: एकाला विंचू चावला, एकाचे डोळे दुखत होते, एक भावाच्या प्रेतसंस्कारात गुंतला होता, कोणी घरी बीअर गाळत होता, तर कोणी मुकादमाच्या कामावर गेला होता. एखाद्या मुलाच्या हाती हा पट देऊन त्याला विचारा, की अमुक रात्री चोरी झाली असेल तर दुसऱ्या दिवशी कोण कामावर नव्हते आणि त्याने दिलेले कारण खरे की खोटे, हे कसे तपासता येईल. कथा तेथूनच सुरू होते आणि तिला ममीने उठून चालण्याची गरज पडत नाही.

रामसेस नववा याच्या कारकिर्दीच्या १६व्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे ११०० वर्षांच्या सुमारास, थडगेचोरीचा जो तपास झाला, तो मला या साऱ्यांत सर्वांत मोलाचा वाटतो. थीब्ज (आजचे लक्सर) नगराच्या पूर्व काठाचा अधिकारी पासेर याने तक्रार केली, की पश्चिम काठावरील राजांची थडगी फोडली जात आहेत. पश्चिम काठ पावेरा या दुसऱ्या अधिकाऱ्याच्या ताब्यात होता, त्यामुळे तक्रारीचा रोख कोणाकडे होता हे उघड होते. चौकशी पथकाने प्रत्यक्ष जाऊन दहा राजथडग्यांची पाहणी केली, तेव्हा सोबेकेमसाफ राजाचे एकच थडगे फोडलेले आढळले. तक्रार करणारा खोटा ठरल्यासारखे झाले आणि पश्चिम काठावरच्या लोकांनी त्याच्या दारापर्यंत जाऊन जल्लोष केला. मात्र फुटलेल्या त्या एका थडग्याच्या प्रकरणात अमेनप्नुफेर नावाच्या पाथरवटाची जबानीही उपलब्ध आहे. आठ जणांनी मिळून भुयार कसे खोदले, राजा-राणीच्या अंगावरचे सोने कसे उतरवले, पेट्या कशा जाळल्या आणि १६० देबेन सोन्याचे प्रत्येकी २० देबेन, म्हणजे आजच्या मापाने माणशी सुमारे १.८ किलो, असे वाटे कसे केले, हे त्याने सांगितले आहे. पुढे तो पकडला गेला, तेव्हा आपला संपूर्ण वाटा एका लेखनिकाला देऊन सुटला आणि साथीदारांकडे परतल्यावर त्यांनी त्याला पुन्हा नवा वाटा काढून दिला, हेही त्याच जबानीत आहे. चोर कोण, या प्रश्नापेक्षा चोरांना सोडतो कोण, हा प्रश्न मोठा आहे, हे कळायला आपल्याकडील दहा-बारा वर्षांच्या मुलांना जड जाणार नाही.

याच तपासात एक तांबट आहे आणि मुलांसाठी लिहिणाऱ्याने त्याच्याकडे विशेष लक्ष द्यावे, असे मला वाटते. राणीच्या थडग्यातून चोरी केल्याची कबुली त्याने आधी दिली होती. अधिकाऱ्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला राण्यांच्या थडग्यांच्या खोऱ्यात नेले, तेथे पट्टी सोडली आणि चोरी कोठे केली ते दाखव म्हटले. न वापरलेले एक उघडे थडगे आणि एका कामगाराची झोपडी, याखेरीज त्याला काहीही दाखवता आले नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या अधिकाऱ्यांनी जबानी आणि जागा यांचा मेळ घालून पाहिला आणि कबुली टिकली नाही. त्या काळी संशयितांच्या तळपायांवर फटके मारून जबान्या घेतल्या जात. मुलांसाठीच्या कथेत ती मारहाण रंगवण्याचे कारण नाही, पण ती लपवूही नये. माराच्या भीतीने माणूस न केलेला गुन्हाही कबूल करतो, ही गोष्ट बारा वर्षांच्या वाचकाला सांगण्याचा याहून योग्य प्रसंग मला माहीत नाही. (या खटल्याच्या एका पपायरसाचा (म्हणजे लव्हाळ्यापासून बनवलेल्या कागदावरील दस्तऐवजाचा) वरचा अर्धा भाग १९३५ साली ब्रसेल्सच्या संग्रहालयात एका लाकडी पुतळ्याच्या पोकळीत सापडला. ही हकीकतही एका स्वतंत्र कथेचा ऐवज आहे.)

राजदरबाराशी संबंध नसलेली प्रकरणेही तितकीच बोलकी आहेत. रंगीत कापडाचे पाच अंगरखे चोरीला गेल्यावर मालकाने मिरवणुकीतील देवाच्या मूर्तीपुढे गावातील घरांची नावे वाचली आणि एका नावाला मूर्तीने मान डोलावली. ज्याचे नाव आले त्याने ते नाकारून दुसऱ्या देवाकडे दाद मागितली, तर तेथेही त्याचेच नाव आले. मूर्ती खांद्यावर वाहणारी माणसे गावातलीच होती, एवढे मुलाच्या ध्यानात आणून दिले की पुढचे सारे प्रश्न ते स्वतःच विचारू लागते. नौनख्त नावाच्या बाईने म्हातारपणी आपल्याला न सांभाळणाऱ्या मुलांना वारशातून वगळले, त्या मृत्युपत्राचा दस्तऐवज देर अल-मदीना गावचा आहे. रामसेस तिसरा याच्या २९व्या वर्षी धान्याचा पगार थकला, म्हणून त्या गावचे कामगार काम टाकून देवळांपाशी जाऊन बसले होते. थडगेचोरीमागे भूक हे कारण असू शकते का, याचा विचार लेखकाने तेथून सुरू करावा.

अशा कथा लिहिताना तपशिलांची हयगय फार होते. त्या काळच्या इजिप्तमध्ये नाणी नव्हती. वस्तूंची किंमत धान्यात किंवा तांब्या-चांदीच्या वजनात ठरत असे. म्हणून चोराच्या हातून सोन्याची मोहर पडून चालत नाही. उंटांचे तांडेही फार नंतरच्या काळातले. रामसेस नववा गादीवर होता, तेव्हा गिझाचा मोठा पिरॅमिड सुमारे चौदाशे वर्षांचा जुना झालेला होता आणि क्लिओपात्रा जन्माला यायला आणखी हजारावर वर्षे होती. हे तिन्ही काळ एकाच दुपारी भेटवणारे लेखन मुलांची कालगणनेची जाण बिघडवते. याहून महत्त्वाची बाब श्रद्धेची आहे. थडगे फुटणे म्हणजे तेथील माणसाच्या दृष्टीने केवळ सोने जाणे नव्हते. देहाची नासधूस झाली तर मृताचे पुढचे जगणेच संपते, असे त्याला मनापासून वाटत होते. कथेतला लेखनिकाचा पोर किंवा पाणी वाहून नेणारी मुलगी ही श्रद्धा बाळगूनच शोध घेईल. आजच्या मुलाला इजिप्शियन वस्त्रे नेसवून त्याच्या तोंडून त्या देवांची टिंगल करवणे हा त्या माणसांवर अन्याय आहे आणि वाचणाऱ्या मुलावरही.

आपला स्वतःचा एवढा मोठा इतिहास असताना मुलांना इजिप्तमध्ये कशाला न्यायचे, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. तो प्रश्न आस्थेतून येतो, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. शिवकाळावरील कथा आपली मुले लहानपणापासून ऐकतात. त्यांतले कोण आपले आणि कोण परके, कोणाचा जय होणार, हे त्यांना पहिल्या ओळीपासून ठाऊक असते आणि त्या कथांचे बळही त्यातच आहे. रहस्यकथेला मात्र याच्या उलट मनःस्थिती लागते. तेथे प्रत्येकावर संशय घेता आला पाहिजे आणि प्रत्येकाची बाजू ऐकता आली पाहिजे. पासेर आणि पावेरा यांच्यापैकी कोणाबद्दलही कोल्हापुरातील मुलाच्या मनात आधीचे प्रेम किंवा राग नाही. त्यामुळे ते मूल फक्त पुरावा पाहते, आणि ही सवय एकदा लागली की आपल्या इतिहासाची साधने वाचतानाही ती उपयोगी पडते. पन्हाळ्याच्या कथा वाचणारी मुले पुढे बखर आणि समकालीन पत्र यांतला फरक विचारू लागावीत, अशी माझी इच्छा आहे.

शिवाय इजिप्त आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर गेल्या शतकाच्या चाळीसच्या दशकात जे उत्खनन झाले, त्यात सातवाहन काळातील वस्तीबरोबर पाश्चात्त्य घडणीच्या काशाच्या वस्तू मिळाल्या. त्यांतील समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती आपल्या टाउन हॉल संग्रहालयाचे भूषण आहे. रोमन साम्राज्याशी चालणारा त्या काळचा सागरी व्यापार मुख्यतः इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बंदरांतून होत असे. त्यांपैकी बेरेनिके येथे देवळाच्या आवारात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली आणि अलीकडच्या उत्खननात तेथे बुद्धमूर्तीबरोबरच सातवाहनांची दोन नाणीही मिळाली. हा काळ रामसेसांच्या नंतर हजारावर वर्षांनी येतो, हे कथेत स्पष्ट असले पाहिजे. पण बेरेनिकेच्या धक्क्यावर मिरीचा एक रांजण कमी भरतो, त्याचा माग काढत एक मुलगा निघतो आणि ती कथा करवीरच्या परिसरात येऊन पोहोचते, अशी कल्पना करायला इतिहास आडवा येत नाही. ती वाचून टाउन हॉलमध्ये गेलेली मुले पोसायडनच्या मूर्तीपुढे आजच्यापेक्षा अधिक वेळ थांबतील, याची मला खात्री आहे.

मराठी प्रकाशकांकडे माझी मागणी मोठी नाही. अशा पुस्तकाच्या अखेरीस दोन पानांत लेखकाने यातील कोणती माणसे आणि प्रसंग कागदपत्रांत आहेत व कोणते आपण रचले, हे सरळ सांगावे. नाईलच्या दोन्ही काठांचा एक स्वच्छ नकाशा द्यावा. छपाईपूर्वी हस्तलिखित या विषयाच्या जाणकाराकडून तपासून घ्यावे. डेक्कन कॉलेजसारखी पुरातत्त्वाची संस्था महाराष्ट्रातच असताना हे अवघड नाही. चित्रकारालाही त्या काळच्या भित्तिचित्रांचे नमुने द्यावेत, म्हणजे चित्रपटांतले इजिप्त पुस्तकात उतरणार नाही. करवीर नगर वाचन मंदिरासारख्या १८५०पासून चालत आलेल्या ग्रंथालयापासून ते तालुक्याच्या गावातील वाचनालयापर्यंत सर्वांनी या प्रकारासाठी कपाटात थोडी जागा राखून ठेवली, तर लेखकांनाही लिहिण्याचा हुरूप येईल.

आपल्याला मात्र एक विनंती थेट करते. आपल्या बालविभागात थडगेचोरीचा हा तपास क्रमशः कथेच्या रूपाने छापावा, दर आठवड्याला एक जबानी किंवा एक पाहणी द्यावी आणि शेवटचा भाग येण्यापूर्वी मुलांकडून त्यांचे निष्कर्ष कारणांसह मागवावेत. लेखन कोणी करायचे हे आपण ठरवावे. मुलांची उत्तरे वाचून त्यांतील कारणे तपासण्याचे काम आपण सोपवल्यास मी आनंदाने करीन.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका,
कोल्हापूर