आषाढातलं धुणं

लीड्स,
२८ जून

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही म्हणालात की धुणं संपतच नाही आणि वाळलेल्या कपड्यांनाही कुबट वास येतो. कोल्हापुरात आता चार-चार दिवस ऊन पडायचं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

हा वास रेंगाळलेल्या ओलीचा. अंगाचं तेल आणि साबण कापडात राहिला आणि कपडा दिवसभर ओला राहिला, की त्यावर जंतू वाढतात. त्यामुळं पावडर वाढवून वास जात नाही, उलट बळावतो. करून बघा: धुतलेले चार टॉवेल पावडर न घालता नुसत्या पाण्यात मशीनला लावा. फेस आला तर पावडर जास्त पडतेय. टॉवेलना सॉफ्टनर तर नकोच, ते पाणी टिपेनासे होतात. मशीन पाऊणच भरा, कोंबलं की कपडे नीट खळबळून निघत नाहीत. महिन्यातून एकदा रिकामं मशीन गरम पाण्यावर चालवा, जाळीत अडकलेले धागे-तंतू काढा आणि झाकण उघडंच ठेवा.

खरी मेख वाळवण्यात आहे. जीन्स, टॉवेल, चादरी यांना स्पिन दोनदा द्या. मशीन रात्री लावून कपडे सकाळपर्यंत आत ठेवू नका. पहाटे लावा, म्हणजे वाळायला अख्खा दिवस मिळतो. दांडीवर दोन कपड्यांत चार बोटं अंतर हवंच. जीन्स उलटी करून खिसे बाहेर काढा, शर्ट हँगरला लावा. छताच्या पंख्यापेक्षा टेबलफॅन बरा, तो कपड्यांच्या बाजूनं लावा, म्हणजे वारा मधून जातो. आईचं नऊवारी एका दोरीवर चौपदरी टाकलं की आतला पदर ओलाच राहतो. वीतभर अंतरावर दोन दोऱ्या बांधा आणि लुगडं दोन्हींवरून टाका, मधून हवा खेळते. वास बसलेल्या सुती कपड्यांना गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवा. ब्लीच आणि व्हिनेगर मात्र कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो.

पुढचं दादाला वाचायला द्या.

दादा, धुणं पूर्ण तुझ्याकडे घे. बटण दाबलं म्हणजे धुणं झालं असं नव्हे. खिसे तपासणं, वाळत घालणं, घड्या, कपाटात ठेवणं, पावडर कधी संपते, पोरांचा गणवेश कधी लागतो, हे सगळं त्यात आलं. वहिनीनं आठवण करायची आणि तू उठायचं, असं झालं तर निम्मं काम तिच्याच डोक्यावर राहतं. तुझ्या घड्या वाकड्या आल्या तरी वहिनी, तुम्ही त्या परत घालू नका, नाहीतर महिन्याभरात काम तुमच्याकडेच येईल. पोरांनी आपापले मोजे सुलटे करून टाकायचे, उलटे आले तर उलटेच धुवायचे.

गॅलरीची लांबी मोजून कळवा, दुसरी दोरी कुठं बांधायची ते सांगते. आईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमची,
धाकटी नणंद